थापांचा तास

भिंतीवरच्या सिनेमात नायकाने एका हाताने ट्रक उचलला, तिथे मी चित्र थांबवलं आणि सातवीच्या मुलांना म्हटलं, “आता तुम्ही थापा मारा.” थाप आवडली की वर्गाने ‘लोणकढी!’ म्हणून ओरडायचं, एवढाच नियम.

कुणाच्या आजोबांनी वाघाची दाढी केली, कुणाच्या म्हशीने विहीर पिऊन टाकली. मग ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली, एरवी मुकी बसणारी सुरेखा उठली.

“माझी आई नऊ महिन्यांची पोटुशी होती, तरी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची.”

“लोणकढी!” वर्ग ओरडला. मीही हसलो. मग दिसलं, ती एकटीच हसत नव्हती.

“खरं का गं?”

तिने सगळ्यांचे हसरे चेहरे पाहिले. “नाय सर. थापच हाय.”

आपण पाहिलेलं जिथे संपतं, तिथून पुढे थाप सुरू होते, असंच आपण धरून चालतो. हे मुलांना कसं सांगू? सुरेखासाठी वर्ग पहिल्यांदाच टाळ्या वाजवत होता. ही थाप नाही असं सांगितलं असतं, तर त्या टाळ्या तिच्याकडून काढून घ्याव्या लागणार होत्या.

भिंतीवर नायक अजून ट्रक धरून उभा होता. मी टाळ्या वाजवल्या.