मामा गिऱ्हाईक होऊन गेले तेव्हा

माझे मामा जन्मभर दुसऱ्यांना जेवायला वाढत आले, पण स्वतः खुर्चीला बूड टेकवून जेवणं त्यांना कधी जमलं नाही. घरीसुद्धा ताट हातात आणि स्वारी उभी. मामी म्हणायची, "यांच्या पायाला भिंगरी आहे. लग्नाआधी कुणी सांगितलं नाही मला."

आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटंसं युरोपियन रेस्टॉरंट आहे. बुटकं छत, टेबलांवर मेणबत्त्या, भिंतीवर बर्फाच्या डोंगरांची चित्रं, आणि आत शिरताच लोण्याचा आणि ताज्या पावाचा वास. मामा तिथले मुख्य वेटर होते. जेवण झालं का, हे ते गिऱ्हाइकाला कधी विचारत नसत. सुरी आणि काटा प्लेटमध्ये शेजारीशेजारी ठेवले की झालं, आणि तिरके, लांब लांब ठेवले की अजून चाललंय. चालू जेवणातली प्लेट उचलणारा वेटर त्यांच्या लेखी माणसातून उठलेला.

मामी मात्र तिथं कधी जेवली नव्हती. आधी मुलं लहान, मग सासूबाईंचं आजारपण. मामा निवृत्त झाले आणि त्याच वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. त्यातून ती सावरली, पण उजवा हात थरथरायचा तो थरथरायचाच. चारचौघांत जेवणं तिनं सोडूनच दिलं. कुणाकडे गेली की "माझं पोट भरलंय" म्हणून कोपऱ्यात बसून राहायची. बाई मुळात खाण्याची शौकीन, त्यामुळे ते बघवायचं नाही.

तिला एकदा तरी तिथं न्यायचंच, असं मामांनी मनावर घेतलं. ती म्हणे, "लोक बघतील." मामा म्हणत, "बघू देत, मी आहे ना." बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर ती तयार झाली, तीही भाची सोबत असेल तरच. म्हणून मी गेले.

मामा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या काठावर बसले होते, आणि डोळे सगळ्या टेबलांवर.

"त्या कोपऱ्यात पाणी संपलंय," ते पुटपुटले.

"अहो, आज तुम्ही गिऱ्हाईक आहात," मामी म्हणाली.

सूप छान पार पडलं. मामीचा चेहरा खुलला. मग लोण्यातला मासा आणि कुस्करलेला बटाटा आला. तिनं हळूहळू चार घास खाल्ले. हात दमला, तशी सुरी आणि काटा नीट शेजारीशेजारी ठेवून ती जरा विसावली. मामा मला जुन्या मालकाच्या चिक्कूपणाची गोष्ट सांगत होते. गोष्ट न थांबवता ते उठले, तिच्या उजव्या बाजूनं प्लेट उचलली आणि सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेले.

मामी समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "फार सांडत होते का गं मी?"

"नाही गं मामी," मी म्हटलं. मामांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

ते रिकाम्या हातांनी, मजेत परत आले. मी म्हटलं, "मामा, मामीचं जेवण झालं नव्हतं."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. आत प्लेट एव्हाना धुवायलाही गेली होती.

"अगं, मी सुरी-काटा बघितला," ते म्हणाले. "तुला बघितलंच नाही."

"असू दे हो. माझं पोट भरलंच होतं."

"नाही भरलं."

त्यांनी आपली खुर्ची ओढून तिच्या शेजारी आणली आणि स्वतःची प्लेट दोघांच्या मध्ये सरकवली. वेटरकडून एक चमचा मागून घेतला, माशाचे बारीक तुकडे केले आणि चमचा तिच्या हातात दिला. तिनं बटाटा घेतला. हात थरथरला आणि गोळा पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडला. शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. मामीनं चमचा खाली ठेवला.

मामांनी तो गोळा दोन बोटांनी उचलून स्वतःच्या तोंडात टाकला.

"लोणी जरा जास्तच घातलंय," ते म्हणाले. "आता मासा घेऊन बघ."

मामीनं चमचा पुन्हा उचलला आणि मासा घेतला.