आईच्या डब्यातली पाकिटं

फौजेत भरती व्हायला वसईजवळचं आमचं सांडोर गाव सोडलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. ट्रंक रिक्षात चढवायला आईच पुढे झाली. केळीच्या बागेत राबलेली बाई. मला हात लावू देईना. "जेवल्याबिगर झोपू नको," एवढंच म्हणाली.

फौजेत बारा वर्षं पाठीवर वजन घेऊन डोंगर चढलो. कंबर धरली, तरी कुणाला सांगितलं नाही. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीची श्रेणी, घसरली असती. दुखणं दाबायच्या गोळ्या मात्र वाढवत गेलो. शेवटी मिलिटरी हॉस्पिटलात रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी त्या त्याच दिवशी बंद केल्या. किडनीवर परिणाम सुरू झाला होता.

फिजिओथेरपीच्या कॅप्टन मॅडमनी समोर वाळूची पिशवी ठेवली आणि वाकून उचला म्हणाल्या. दोन वर्षं मी बुटाची नाडीही वाकून बांधली नव्हती. मणका मोडेल, असं मी म्हणालो. त्या शांतपणे म्हणाल्या, "मणका शाबूत आहे. घाबरून तुम्हीच पाठ आवळून धरलीय."

उचलली. दुखलं, पण काही मोडलं नाही. मी तिथेच फरशीवर बसलो. मग दोन वर्षं मी घाबरलो तरी कशाला?

पुढे चालणं, श्वासाचे व्यायाम, हळूहळू वाढवलेलं वजन. दुखणं गेलं नाही, पण मी कामाला लागलो.

सुट्टीत हे सगळं आईला ऐटीत सांगत होतो. ती भिंतीला धरून उठली आणि बिस्किटांचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं. माझ्याच गोळ्यांची. तिच्या गुडघ्यांसाठी दर सुट्टीला मीच आणून द्यायचो. त्या संपल्या की पाकीट दाखवून ती दुकानातून घ्यायची. सहा वर्षं.

"तू दिल्यास म्हनून घेतल्या," ती म्हणाली.

 दुसऱ्याच दिवशी वसईत तिचं रक्त तपासलं. किडनी थकली होती, पण वेळ गेली नव्हती.

आता माझं बिऱ्हाड पुण्यात, क्वार्टरमध्ये. रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर ती खुर्चीतून उठते, बसते; इकडे मीही. मध्येच थांबून आज कुठे ठणकतंय ते ती सांगते, मग मी माझं सांगतो. गावी आलो की तुम्ही मंडळी विचारता, घर नेमकं कुठलं, सांडोरचं की पुण्याचं? जिथे दुखणं लपवावं लागत नाही, तेवढं माझं घर.