ठराव ऐकायला नागपूरला

नागपूरच्या फलाटावर उतरले तेव्हा कोल्हापूरची शाल अगदीच अपुरी पडली. वसुधा घ्यायला आली होती. आम्ही दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. ती आता विधान परिषदेची सदस्य, आणि हे तिचे शेवटचे हिवाळी अधिवेशन. सभागृहात तिला बोलताना ऐकावे म्हणून मी मुद्दाम आले होते.

स्टेशनबाहेर तर्री पोहे (वरून चण्याचा झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) खाताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. वसुधाचे लक्ष तिच्या ठरावात होते. खेड्यात मोबाईलचा टॉवर बंद असला तरी तिथे रिचार्ज विकला जातोच. रेंज नसल्याचे ग्राहकाला आधी सांगावे, टॉवर मुदतीत सुरू करावा, नाहीतर भरपाई द्यावी, अशी केंद्राकडे शिफारस करणारा हा ठराव शुक्रवारी यायचा होता.

आदल्या दिवशी ती मला कोराडीच्या वीजकेंद्रापुढच्या एका गावाला घेऊन गेली. राखेने पांढुरकी झालेली झाडे, कोळशाच्या ट्रकांची रांग, मग एकदम तुरीची मोकळी शेते. फोनवरचा नकाशा मध्येच गोठला आणि आमची गाडी थेट एका वीटभट्टीत जाऊन थांबली.

"इथून पुढं मोबाईल नाही चालत बाई," तिथला माणूस म्हणाला. "माणसालेच इचारत जा लागते."

विचारत विचारत, ज्यांना भेटायला निघालो होतो त्या सुलोचनाबाईंच्या घरी पोहोचलो. ओसरीत बुद्धाची तसबीर, शेजारी भावाचा फोटो, त्याला ताजा हार. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि मग शांतपणे सांगितले.

"भाऊ नागपुरात रामदासपेठेत दवाखान्यात भरती होता. त्यानं मले याद केलं. भाची फोन लावून राहिली होती, लावूनच राहिली होती. मोबाईल माझ्या हातात, रिचार्जबी होता. दुसऱ्या दिवशी तिनं माणूस धाडला. मी पोहोचली तवा त्याच्या तोंडावर चादर होती."

वसुधाने त्यांचा हात धरला. "उद्या याल का? तुमच्यासमोर बोलेन मी."

शुक्रवारी सुलोचनाबाई पांढरीशुभ्र साडी नेसून प्रेक्षक गॅलरीत माझ्या शेजारी बसल्या. खाली भलत्याच विषयावरून गोंधळ सुरू झाला. सदस्य सभापतींच्या आसनासमोर जमले. कामकाज थांबले, सुरू झाले, पुन्हा थांबले. वसुधा हातात कागद घेऊन उभी राहिली, बसली, परत उभी राहिली. तिचे ओठ हललेले दिसले, पण शब्द वरपर्यंत आले नाहीत. शेवटी सभागृह दिवसभरासाठी तहकूब झाले. मंत्री नसलेल्या सदस्यांच्या, म्हणजे अशासकीय ठरावांचा या अधिवेशनातला तोच एक दिवस होता.

आम्ही जवळच्या सदर भागातल्या एका हॉटेलात चहाला बसलो.

"ताई, काहून नाही बोलल्या तुमी?" सुलोचनाबाईंनी विचारले. आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच कळले नव्हते.

वसुधाने कप खाली ठेवला. "मागच्या अधिवेशनात मला वेळ मिळाला होता, बाई. तेव्हा मी शहरातल्या फसव्या जाहिरातींवर बोलले. पेपरात छापून आलं. गावांचं पुढच्या वेळी घेऊ म्हटलं."

"तवा माहा भाऊ होता," सुलोचनाबाई म्हणाल्या.

मी बशीत सांडलेले चहाचे थेंब उगाच पुसत बसले.

"तुमी मले बोलावलं, मी आली," सुलोचनाबाई पुढे म्हणाल्या. "पण आता दुसऱ्या कोणाले असं बोलावू नका, ताई. माणूस आशेनं येते."

बसमध्ये चढताना त्यांनी वसुधाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तेवढ्याने वसुधाला रडू फुटले.

माझी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी होती. वसुधा सोडायला आली. पुढच्या अधिवेशनाआधीच तिची मुदत संपणार होती आणि तो विषय दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायचा म्हणून ती नावे आठवत होती. एकही नाव तिने पक्के केले नाही.

डब्यात समोरच्या काकूंनी संत्रे सोलून पुढे केले. मी अधिवेशन पाहायला आले होते हे कळल्यावर त्यांनी कौतुकाने विचारले, "मग कसं वाटलं?"

"इमारत सुंदर आहे," मी म्हणाले.