बिनकामाची खुर्ची

जिंतूरच्या पाटबंधारे खात्याच्या कचेरीत मला कारकुनाची नोकरी लागली, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. आमच्या घरात खुर्चीवर बसून पगार घेणारा मीच पहिला. लोकांच्या रानात राबणाऱ्या बापानं सगळ्या बौद्धवाड्यात गूळ वाटला.

कचेरीत कोपऱ्यातलं टेबल मिळालं. काम मात्र मिळालं नाही. फाइल मागितली की बडे बाबू म्हणायचे, "बसा हो. गरज पडली की सांगू." गरज कधी पडायची नाही. वाईट कुणी बोललं नाही. बाकीचे चौघं एकत्र डबा खायचे आणि मी जवळ गेलो की गप्प व्हायचे. माझी वस्ती कोणती, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. दिवसभर मी भिंतीकडे बघत बसायचो.

सहा महिन्यांत पोटात कळ यायला लागली. भाकर गिळवेना, झोप उडाली. सुट्टीत घरी गेलो तर बाप म्हणाला, "पंख्याखाली बसायलास, अन् पोट दुखतंय म्हन्तूस? आमी उन्हात राबायलोत, आमचं न्हाई दुखत ते!" जिंतूरला परतलो आणि सरळ दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "काम काय करता?"

"काही नाही."

"दिवसभर?"

"दिवसभर," म्हणालो आणि तिथंच रडू फुटलं.

त्यांनी बाटलीत औषध भरून दिलं. म्हणाले, "ह्यानं कळ थांबेल. पण काम मागून घ्या. भांडून घ्या."

येलदरी धरणाच्या वरच्या अंगाला पूर्णा नदीची पातळी मोजायला माणूस हवा होता. कुणी जायला राजी नव्हतं. मी अर्ज दिला.

"तिथं ना लाइट, ना माणूस. कंटाळून जाल," साहेब म्हणाले.

"इथं कंटाळूनच चाललोय, साहेब."

नदीकाठी पत्र्याची एक खोली होती. दिवसातून तीन वेळा पाण्यात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचून वहीत लिहायचा आणि पाणी चढलं तर सायकलवरून धरणावर कळवायचा. एका दुपारी पाणी भराभर चढायला लागलं. चिखलातून सायकल ढकलत मी धरणावर पोचलो. इंजिनियरनं आकडा ऐकला, लगेच फोन उचलला आणि मला म्हणाला, "बरं झालं, वेळेवर आलात." इतके दिवस नोकरी करत होतो, पण असं कुणी म्हटलं नव्हतं. परत येऊन दोन भाकरी खाल्ल्या.

चार वर्षं तिथं काढली. आठ-आठ दिवस माणसाचा शब्द कानावर पडत नसे. पावसाळ्यात तर स्वतःशीच मोठ्यानं बोलायचो. पण अन्न पचत होतं.