भिंतीपासून सहावी

तात्या माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघायचे. आधी नजर पायांवर, मग सावकाश वर डोक्यापर्यंत, आणि मग ओठातल्या ओठात एक आकडा. माझ्या लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाला असंच न्याहाळलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पावणेसा फूट. झील बरो आसा." मला हसावं की रागवावं कळेना. परळच्या गिरणीत त्यांनी अर्धी हयात कापड मोजलं होतं. गिरणी बंद पडल्यावर ते आमच्या ख्रिस्ती दफनभूमीत खोदकामाला लागले आणि तिथंच राखणदार झाले. माप काही सुटलं नाही. सगळे त्यांना मापवाले तात्याच म्हणायचे.

देवगडकडचा हा माळकरी माणूस आमच्या मेलेल्यांची आमच्यापेक्षा जास्त काळजी घ्यायचा. कबर कधी ओलांडून गेला नाही, कितीही उन्हात वळसा घालूनच जायचा. चालताना पाय कुठं लागलाच तर वाकून नमस्कार करायचा आणि "माफ कर रे बाबा" म्हणायचा. मला या माणसाचं फार कौतुक वाटायचं, आणि आजही वाटतं.

जागेची तंगी हा त्यांचा रोजचा विषय. आमच्याकडे कबर कायमची कुणालाच मिळत नाही. ठरावीक वर्षं झाली की ती उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा पुढच्याला देतात. कंपाउंडपलीकडे गिरणीच्या जमिनीवर टॉवर चढत होता. त्याच्याकडे मान वर करून तात्या म्हणायचे, "वर चाळीस माळे, आनि खाली सा फुटां गावनत नाय." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणायचे, "माजी काळजी नाय. मी धुरात जातलंय. एका माणसाची जागा वाचली."

आईला मात्र एकच घोर होता. बाबांची कबर उघडली जाण्याआधी आपण जावं, म्हणजे आपल्याला तिथंच, त्यांच्याजवळ ठेवतील. लाकडी क्रूस वाळवीनं खाल्ला तेव्हापासून ती मोजून जायची, भिंतीपासून सहावी. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आणि एरवीही महिन्यातून एकदा झेंडू आणि मेणबत्त्या घेऊन ती तिथं बसायची. बाबांना सगळं सांगायची. माझ्या चुगल्यासुद्धा. "पोरगी ऐकत नाही हो तुमची," हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मी खरंच ऐकत नव्हते. आमची घोडपदेवची चाळ पाडायला काढली तेव्हा आम्ही माटुंग्याला भाड्याच्या घरात गेलो. "दफनभूमीच्या ऑफिसात नवा पत्ता दे, कबरीची नोटीस येते," असं आई दहादा म्हणाली. मी दहादा "उद्या देते" म्हटलं.

त्या वर्षी मृतांच्या दिवशी आम्ही गेलो, आणि सहाव्या कबरीवर ताजी माती होती. नवा क्रूस, त्यावर कुणा परक्या बाईचं नाव. आईच्या हातातली पिशवी खाली पडली. ती मातीतच बसली आणि म्हणाली, "गेले गं. आता मी कुठं जाऊ?" नोटीस आली असेल, जुन्या पत्त्यावर, पाडलेल्या चाळीच्या दारात.

तात्या लांबून वळसे घेत घेत आले. त्यांनी आईकडे बघितलं, क्रूसाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "वयनी, उठा. तुमचो घोव हय नाय. तो बाजूक आसा."

आम्हाला काहीच कळेना. मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. चार वर्षांपूर्वी कुठंच जागा नव्हती म्हणून भिंतीच्या कडेला एका तान्ह्या बाळाची कबर बसवली होती. वीतभर रुंद, पण मोजणीत एक वाढली होती. बाबा सातवे झाले होते, आणि आई सहावीपाशीच थांबत होती. त्या कबरीवरही क्रूस उरला नव्हता.

"म्हणजे चार वर्षं मी..."

"तुमी घराक गेलास काय मी फुलां बाजूक सरकवतंय. मेणबत्तीव."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

तात्यांनी मान खाजवली. "तुमी इतक्या मनापासून रडत होतास. मधीच कसा सांगू, बाये, हो तुमचो नाय म्हणान? आनि त्या बिचाऱ्याक रडणारा कोण नाय होता."

आईनं आधी सहाव्या, मग सातव्या कबरीकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, इतकी की मला भीती वाटली. "अगं, त्या परक्या माणसाला मी आपल्या घरातलं सगळं सांगितलं!" आणि मग ती सातव्या कबरीला हात लावून पुन्हा रडली, पण ते रडणं वेगळं होतं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तात्यांनी मला तिथं फार वेळ उभं राहू दिलं नाही. "पत्तो," एवढंच म्हणाले. त्याच दुपारी मी ऑफिसात पत्ता दिला आणि ती कबर घरच्याच माणसासाठी उघडायची अशी नोंद करून घेतली.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. तात्या तोवर काम सोडून घरी बसले होते, गुडघे गेले होते. तरी काठी टेकत आले आणि नव्या राखणदारामागे उभे राहून त्यांनी स्वतः मोजलं. "सहावी नाय हां. सातवी." आई बाबांजवळ गेली. मला रडू आलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

गेल्या मे महिन्यात तात्या गेले. धुरात गेले, म्हणाले होते तसे. रक्षा देवगडच्या समुद्रात सोडली. एका माणसाची जागा वाचली, आणि त्यांच्यासाठी फूल ठेवायला मला कुठं जागाच उरली नाही.

म्हणून आता मी दफनभूमीत जाते तेव्हा फुलं आधी सहाव्या कबरीवर ठेवते. थोडा वेळ थांबते. सरकवायला कुणी येत नाही. मग मीच ती उचलते आणि सातवीवर ठेवते.