लताबाईंचं यंत्राला कळत नाही

माझ्या मोठ्या जाऊबाई, लताबाई, सोनगीरला राहतात. शिकल्या चौथीपर्यंत. दीर अबोल, त्यामुळे दोघांच्या वाटचं त्याच बोलतात. म्हशीशी बोलतात, कंडक्टरशी बोलतात, चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालाही गाव विचारतात. दोन वर्षांपासून हातात मोठा फोन आहे. लिहिणं जमत नाही म्हणून बोलून पाठवतात, पाच-पाच मिनिटं, सगळं अहिराणीत.

माझी कामिनी धुळ्याला फार्मसी शिकते, होस्टेलवर राहते. मी मराठी घेऊन बी.ए. केलेलं. जळगावहून तिला रोज लिहिते, परिच्छेद पाडून, नीट.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या रविवारी डबा घेऊन धुळ्याला गेले. म्हटलं, "मेसेजला नुसता अंगठा दाखवतेस, वाचतेस तरी का?"

"आई, दिवसाला चारशे मेसेज येतात. वर्गाचा ग्रुप, होस्टेलचा, प्रॅक्टिकलचा. हे अ‍ॅप सगळ्यांचा सारांश काढून देतं. बघ."

बघितलं. त्या यादीत मीही होते. 'आई : जेवण, खोकल्याचं औषध, ओढणी. तातडीचं काही नाही.'

तो मेसेज लिहायला मला चाळीस मिनिटं लागली होती.

"आणि मोठी आईचे?" लताबाईंना ती मोठी आई म्हणते.

ती हसायलाच लागली. "तिचं त्याला कळत नाही गं. हे वाच."

'लताबाई : मनी नावाच्या मांजराच्या जेवणाची चौकशी.'

लताबाईंनी विचारलं होतं, "मनी पोर जेवनी का?" माझी पोर जेवली का. "म्हणून तिचे पूर्ण ऐकावे लागतात," कामिनी म्हणाली. लागतात, म्हणे. इअरफोन कानात घालताना तिचा चेहरा कसा उजळला, ते मी पाहिलं.

मला त्या मांजराचं हसू आलं नाही. हिच्या तापात रात्री मी जागले, आणि 'मनी' त्या म्हणतात!

"बरं, आखाजीला कधी निघतेस?"

"मी तर सोनगीरला चाललेय. मोठी आईनं निंबाला झोका बांधलाय. तू बोलावलंस कुठे?"

बोलावलं होतं. त्याच मेसेजात, शेवटून दुसऱ्या ओळीत. काढून दाखवली. कामिनी ओशाळली. "पण आता तिला हो म्हटलंय गं."

परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत कशीबशी थांबले. मग लताबाईंना फोन लावला. "अक्का, आखाजीला लेक आईकडे येते, की काकूकडे?"

लताबाईंनी मलाच उलटं विचारलं,

"तू बलावं नही का तिले?"

"लिहिलं होतं."

"लिखं? अय माय! आखाजीनं बलावणं कोनी लिखस का? तोंडमा जीभ नही का तुले?"

मी फोन ठेवला.

आखाजीच्या आदल्या दिवशी कामिनी दारात उभी. पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं मला लताबाईंचा मेसेज ऐकवला. "तुनी माय वाट देखी ऱ्हायनी. जाय जळगावले. झोका काय पळी नही जास." पुढे म्हैस, ऊन, शेजारीण, असं सहा मिनिटं. कामिनीनं तो आधी ऐकला असणारच, तरी पुन्हा पूर्ण ऐकला, गालात हसत.

मी खापरावरच्या पोळ्या केल्या. तिनं तीन खाल्ल्या. पोर घरी आली, याचा आनंद आहेच. पण बोलावणं माझं होतं, आणि ती आली लताबाईंच्या सांगण्यावरून.