रेसचा दांडा

आज खंडेनवमी. पूजेआधी जुना ट्रॅक्टर पुसायला घेतला आणि ग्रीसच्या वासानं सिल्लोडजवळच्या शेतातली एक दुपार आठवली. तेव्हा मी बजाजनगरच्या कंपनीतून सुट्टी काढून एका दिवसासाठी माहेरी आले होते. वडिलांनी दारातच सांगितलं, "रेसचा दांडा झिजलाय बाई, ओढला तरी इंजिनाचा आवाज वाढत नाय. अर्धं रान तसंच पडलंय." दांड्यापासून डिझेल पंपाकडे जाणाऱ्या सळईची पिन खरंच झिजून बारीक झाली होती. मी नवी पिन घातली, सळईची लांबी जुळवली, ग्रीस भरलं. "कंपनीत जाऊन मिस्त्रीच झालीस की!" म्हणत ते सीटवर चढले, ट्रॅक्टर सुरू केला आणि दांडा ओढला. आवाज वाढेना. "बघ, तसाच हाय." मी खालूनच हात घालून दोन बोटांनी दांडा ओढला, तर इंजिन घुमलं आणि बांधावरचे बगळे उडाले. त्यांनी परत ओढून पाहिला. बोटं दांड्यावरून घसरली. थोडा वेळ ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बंद कर, डिझेल जळतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी ट्रॅक्टरची किल्ली ठेवलेली होती. चहा संपवला, परतीची बस जाऊ दिली आणि शेतात गेले. वडील काही बांधावर आले नाहीत, म्हणून घरापर्यंत आवाज जाईल एवढी रेस ठेवली आणि राहिलेलं सगळं रान नांगरून काढलं.